विश्लेषण : मानेत गाठ लागत नसताना मान का उघडतात? ‘नेक डिसेक्शन’ची तयारी कशी करावी?

तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले की डॉक्टर सांगतात, जिभेवरचा किंवा गालातला कर्करोग काढताना मानेतल्या लसिका ग्रंथीही काढाव्या लागतील. रुग्ण मान चाचपून पाहतो. हाताला काही लागत नाही. सोनोग्राफीतही संशयास्पद काही नसते. मग धडधाकट मान कशाला उघडायची, असा प्रश्न घरात उभा राहतो आणि त्या विचारात महिना निघून जातो. या प्रश्नाचे ठोस उत्तर दहा वर्षांपूर्वी मुंबईतच, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून आले. ते उत्तर काय आहे? आणि एकदा शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, की मधल्या दिवसांत काय करायचे?

लसिका ग्रंथी म्हणजे काय?

शरीरभर रक्तवाहिन्यांसारखेच लसिकावाहिन्यांचे जाळे असते. या वाटेवर वालाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान ग्रंथी असतात. जंतू आणि बिघडलेल्या पेशी अडवणे हे त्यांचे काम. शरीरातल्या लसिका ग्रंथींपैकी सुमारे ३०० एकट्या मानेत असतात. जीभ, गाल, हिरड्या, घसा आणि थायरॉइड या भागांतला कर्करोग पसरू लागला, की बहुतेक वेळा तो आधी मानेतल्या ग्रंथींमध्ये पोहोचतो. सुरुवातीला तिथे जेमतेम काही पेशी असतात. त्या हाताला लागत नाहीत आणि स्कॅनमध्येही दिसतीलच असे नाही.

मग प्रत्येक गाठ कर्करोगाची असते का?

नाही. दात किडला, घसा दुखला तरी मानेत गाठ येते आणि ओसरते. आपल्याकडे क्षयरोग हेही मानेतल्या गाठींचे मोठे कारण आहे. मात्र दोन-तीन आठवड्यांत गाठ कमी झाली नाही, ती टणक असेल, वाढत असेल किंवा सोबत तोंडात न भरणारी जखम असेल, तर थांबू नये. पालिकेच्या कूपर, राजावाडी यांसारख्या रुग्णालयांतील कान-नाक-घसा विभागात पहिली तपासणी होऊ शकते. तिथे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासतात. या तपासणीला ‘एफएनएसी’ म्हणतात. सुई टोचली की कर्करोग पसरतो, ही भीती निराधार आहे. उलट पुरेशी तपासणी न करता मानेतली एखादी गाठ छोट्या शस्त्रक्रियेत परस्पर काढून टाकली, तर पुढची मोठी शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते. कर्करोगाचा संशय असेल तर आधी त्या विषयातल्या तज्ज्ञ शल्यविशारदाला दाखवावे.

टाटा रुग्णालयाच्या अभ्यासात काय दिसले?

तोंडाचा कर्करोग लहान असेल आणि मानेत गाठ दिसत नसेल, तर काय करावे यावर जगभरातल्या शल्यविशारदांत अनेक वर्षे दोन मते होती. एक मत होते, तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या ग्रंथी काढाव्यात. दुसरे मत होते, मान राखावी, नियमित तपासत राहावे आणि गाठ आलीच तर तेव्हा शस्त्रक्रिया करावी. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखालील टाटा मेमोरियलच्या पथकाने २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांची दोन गटांत विभागणी करून याचा अभ्यास केला. त्यातील पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले.

सुरुवातीलाच मानेतल्या ग्रंथी काढलेल्या गटात तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते. ‘थांबू आणि पाहू’ या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. कर्करोग न उलटता तीन वर्षे काढणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ६९.५ आणि ४५.९ टक्के होते. म्हणजे अशा आठ रुग्णांच्या मानेतल्या ग्रंथी वेळीच काढल्या, तर साधारण एकाचा जीव जास्तीचा वाचतो. शस्त्रक्रियेशी संबंधित त्रास मात्र पहिल्या गटात थोडे अधिक होते, ६.६ टक्के विरुद्ध ३.६ टक्के. हा धोका आणि तो फायदा एकमेकांशेजारी ठेवले, की डॉक्टर मानेचा आग्रह का धरतात ते समजते.

हा निष्कर्ष तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगाचा आहे. थायरॉइड किंवा अन्य कर्करोगांत मानेची शस्त्रक्रिया कधी करायची, याचे नियम वेगळे आहेत.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

अमेरिकी शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये मानेतल्या ग्रंथी सरसकट काढण्याची पद्धत मांडली. त्यात ग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांद्याकडे जाणारी नसही काढली जाई. आज शक्य असेल तेव्हा हे तिन्ही वाचवले जातात. मानेच्या एका बाजूचे पाच टप्पे मानले आहेत : हनुवटी व जबड्याखालचा पहिला, मोठ्या शिरेच्या बाजूने वरून खाली दुसरा, तिसरा, चौथा आणि स्नायूच्या मागचा पाचवा. तोंडाच्या लहान कर्करोगात अनेकदा पहिले तीन किंवा चार टप्पे पुरतात. गाठ मोठी असेल, तर जास्त. फक्त एका बाजूच्या अशा शस्त्रक्रियेला साधारण दोन ते चार तास लागतात. जबडा किंवा जिभेचा मोठा भाग काढून तिथे मांडीचे, हाताचे किंवा छातीचे मांस लावायचे असेल, तर पूर्ण दिवस जाऊ शकतो.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना काय विचारावे?

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी हे प्रश्न लिहून न्यावेत :

• मानेची एक बाजू की दोन्ही? किती टप्पे?
• खांद्याची नस, मोठी शीर आणि स्नायू वाचण्याची शक्यता किती?
• श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागेल का? लागल्यास किती दिवस?
• नाकातून अन्ननळी घालावी लागेल का?
• शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन लागण्याची शक्यता किती?
• रुग्णालयात किती दिवस राहावे लागेल, पैकी अतिदक्षता विभागात किती?

सोबत घरातली एकच व्यक्ती प्रत्येक वेळी असावी. दर खेपेला वेगळा नातेवाईक आला, की निम्मी माहिती वाटेतच हरवते. संमतीपत्र समजेल अशा भाषेत वाचून दाखवण्याची विनंती करणे हा रुग्णाचा हक्क आहे.

भूलतज्ज्ञ तोंड उघडायला का सांगतात?

शस्त्रक्रियेआधी भूल देण्यासाठीची तपासणी होते. तिला रुग्णालयात ‘पीएसी’ म्हणतात. रक्त, साखर, मूत्रपिंडाचे काम, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि गरजेप्रमाणे हृदयाची ‘टूडी इको’ केली जाते. पण तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णासाठी सर्वांत महत्त्वाची तपासणी साधी असते : तोंड किती उघडते?

सुपारी आणि गुटख्यामुळे गालाची आतली त्वचा ताठ होते. या आजाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ म्हणतात. अशा रुग्णाच्या तोंडात जेमतेम एक-दोन बोटे जातात. मग भूल देताना श्वासाची नळी नेहमीच्या पद्धतीने घालता येत नाही. दुर्बिणीच्या मदतीने, कधी रुग्ण जागा असतानाच, ती नाकातून घालावी लागते. त्यासाठी तयारी लागते, म्हणून ही गोष्ट लपवू नये. झोपेत घोरणे, श्वास अडकणे, दमा, आधीच्या भुलीत झालेला त्रास, हलणारे दात, कवळी हेही सांगावे. पुढे रेडिएशनची शक्यता असेल, तर किडलेले दात आधीच दंतवैद्याला दाखवावेत. रेडिएशननंतर दात काढणे जबड्याच्या हाडाला महागात पडू शकते.

चालू गोळ्यांचे काय करायचे?

घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून भूलतज्ज्ञांकडे न्यावीत. नावे आठवण्यापेक्षा हे सोपे आणि सुरक्षित असते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागू शकतात. पण हृदयात स्टेंट बसवला असेल, तर त्या अचानक बंद केल्याने जीवावर बेतू शकते. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारदांनी मिळून घ्यायचा असतो. मधुमेहाच्या एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात. इन्सुलिनचा डोस बदलतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, काही टाळायच्या असतात. कोणती गोळी कधी, हे कागदावर लिहून घ्यावे. आयुर्वेदिक काढे, लसणाच्या कॅप्सूल, ‘ताकदीची’ पावडर हीही औषधेच समजून सांगावीत. त्यातल्या काहींमुळे रक्तस्राव वाढू शकतो.

तंबाखू, मशेरी आणि दारू कधी सोडायची?

आजच. शस्त्रक्रियेपूर्वी चार आठवडे धूम्रपान बंद असेल, तर फुप्फुसांचे त्रास आणि जखम न भरण्याची शक्यता कमी होते. तेवढा वेळ नसेल, तरी हरकत नाही. शेवटची विडी ओढल्यानंतर दिवसभरातच रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरू लागतो. मशेरी लावणाऱ्या अनेक स्त्रिया तिला तंबाखूत धरत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी विचारले तरी ‘तंबाखू नाही’ असे उत्तर जाते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच.

दारूबाबत खरे सांगणे तर अत्यावश्यक आहे. रोज पिणाऱ्या माणसाची दारू रुग्णालयात दाखल झाल्यावर एकाएकी बंद होते आणि दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम, झटके येऊ शकतात. त्या भरात रुग्ण नळ्या ओढून काढतो. डॉक्टरांना आधी माहीत असेल, तर औषधांनी हे टाळता येते. बायकामुलांसमोर सांगायचा संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याची विनंती करावी.

खाण्यापिण्याकडे लक्ष का द्यायचे?

तोंडात जखम असल्याने अनेक रुग्ण निदानाआधीच अर्धपोटी असतात. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले असेल, म्हणजे ६० किलोचा माणूस ५४ च्या खाली गेला असेल, तर आहारतज्ज्ञांना भेटायलाच हवे. मऊ भात-वरण, मूगडाळीची खिचडी, अंडी, दूध, दही, पनीर, नाचणीची आंबील असे थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा द्यावे. तिखट टाळावे. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रथिनांची पावडर विचारल्याशिवाय देऊ नये. ‘ऑपरेशन नीट पार पडू दे’ म्हणून कडक उपवास धरणे या काळात नुकसानीचे ठरते. नवस असेल, तर उपवास घरातल्या दुसऱ्या कोणी करावा.

खर्च आणि कागदपत्रांची व्यवस्था कशी करावी?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रियांचा तिच्यात समावेश आहे. मात्र रुग्णालय योजनेत असले पाहिजे आणि मंजुरी शस्त्रक्रियेआधी मिळाली पाहिजे. रुग्णालयातल्या ‘आरोग्यमित्रा’ला तारीख मिळाल्याच्या दिवशीच भेटावे. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि बायोप्सीचा अहवाल लागतो. शिधापत्रिकेवर आणि आधारवर नावात फरक असेल, तर दुरुस्ती आधी करून घ्यावी. खासगी विमा असेल, तर कॅशलेस मंजुरीचा अर्जही आधीच द्यावा. स्कॅनच्या सीडी आणि बायोप्सीच्या काचा जपून ठेवाव्यात; दुसरे रुग्णालय त्या पुन्हा तपासते.

उपनगरांतून परळला जाण्यासाठी बोरिवली-अंधेरीच्या रुग्णांना धिम्या लोकलने प्रभादेवीला उतरून पुलावरून पलीकडे जाता येते. घाटकोपर-मुलुंडकडून धिमी लोकल थेट परळला थांबते. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णांना प्रवासाची मुभा आहे. त्यासाठी रुग्णालयाचे कागद जवळ ठेवावेत.

आदल्या रात्री आणि त्या दिवशी काय करावे?

साधारण नियम असा : हलके खाणे सहा तास आधी, तेलकट किंवा जड जेवण आठ तास आधी थांबवायचे. साधे पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते. रुग्णालयाने वेगळी वेळ सांगितली असेल, तर तीच पाळावी. चहा-दूध हे पाणी नव्हे. चुकून काही खाल्ले गेले, तर लपवू नये. भुलीत अन्न श्वासनळीत गेले, तर जीवाला धोका असतो.

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करावी. दाढी घरी घाईने करू नये. कापले तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. नखांचे पॉलिश काढावे, कारण बोटाला लावलेले यंत्र रक्तातला प्राणवायू मोजते. मंगळसूत्र, नथ, कानातले, अंगठ्या, कवळी घरीच ठेवाव्यात. डोक्यावरून घालायच्या कपड्यांऐवजी पुढे बटणे असलेले शर्ट किंवा गाऊन न्यावेत.

गळ्याला नळी बसली, तर काही दिवस आवाज फुटत नाही. तेव्हा वही-पेन किंवा मोबाइलवर मराठी कीबोर्ड आधीच सुरू करून ठेवावा. ‘दुखतंय’, ‘पाणी’, ‘कफ काढा’, ‘नर्सला बोलवा’ असे शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद उशाशी असला, की रुग्णाची तगमग बरीच कमी होते.

खांद्याचा व्यायाम आधीच का शिकायचा?

खांदा उचलणारी नस मानेतूनच जाते. ती वाचवली तरी शस्त्रक्रियेत ताणली जाते आणि काही आठवडे किंवा महिने हात खांद्याच्या वर नेताना त्रास होतो. लोकलमध्ये उभ्याने कडी धरणे, केस विंचरणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे या नेमक्या त्याच हालचाली आहेत. फिजिओथेरपिस्टकडून खांद्याचे आणि श्वासाचे व्यायाम शस्त्रक्रियेआधी शिकून घेतले, तर नंतर वेदनेत ते नव्याने शिकावे लागत नाहीत. हालचाल टाळून हात अंगाशी धरून ठेवला, की सांधा आखडतो. व्यायाम कधी सुरू करायचा, ते शल्यविशारदांना विचारावे.

याशिवाय कानाची पाळी आणि मानेची त्वचा बधिर राहू शकते. दाढी करताना जपावे. खालचा ओठ एका बाजूला तात्पुरता वाकडा होऊ शकतो. हे आधी माहीत असले, की पहिल्यांदा आरशात पाहताना धक्का कमी बसतो.

घरी आल्यावर कशाकडे लक्ष ठेवावे?

मानेतले पाणी बाहेर काढणारी नळी, म्हणजे ड्रेन, २४ तासांतले पाणी साधारण २५-३० मिलीच्या खाली आले की काढतात. काही रुग्णांना ड्रेनसह घरी पाठवतात. तेव्हा किती आणि कोणत्या रंगाचे पाणी आले, ते रोज लिहून ठेवावे. पाणी दुधासारखे पांढरे दिसले, तर लगेच कळवावे. मान झपाट्याने सुजली, ड्रेनमध्ये ताजे रक्त भरू लागले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर सकाळची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ताप, पू किंवा जखम उकलणे हीही त्याच दिवशी दाखवायची लक्षणे आहेत.

डिस्चार्जनंतर गर्दीची लोकल नको, गाडी करावी. झोपताना डोके उंचावर ठेवावे. काढलेल्या ग्रंथींचा अहवाल साधारण एक-दोन आठवड्यांत येतो. एकूण किती ग्रंथी तपासल्या आणि त्यांतल्या किती बाधित निघाल्या, हे दोन आकडे त्यात पाहायचे असतात. त्यांवरून पुढचे उपचार ठरतात. रेडिएशन लागणार असेल, तर ते शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू झालेले बरे, आणि ते आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे चालते. त्यामुळे नोकरीतली रजा, सोबत कोण येणार आणि पैशांची सोय यांचा हिशेब केवळ शस्त्रक्रियेपुरता न करता तीन महिन्यांचा करावा.